कडू अंगारा

वाशीमच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलेली असताना, मला जे कळलं त्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. हा अनुभव लिहावा की नाही, हे मी बरेच दिवस मनात घोळवलं. लिहिला तर लोक म्हणतील, बाई देवाची थट्टा करते. नाही लिहिला तर माझ्यावर झालेली कृपा मी एकटीनेच गिळून टाकल्यासारखं होईल. शेवटी लिहायला बसले, कारण कृपा झाली याबद्दल मला आजही शंका नाही. ती कोणत्या वाटेने घरात येत होती, ते मात्र मला फार उशिरा कळलं.

आम्ही वाशीमजवळच्या मालेगावला राहतो. यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तार भरून देण्याचं दुकान आहे, मी घरी ब्लाऊज शिवते, मुलगी अकोल्याला शिकते आणि घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मला लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. ज्याला ती नाही त्याला सांगून कळत नाही आणि ज्याला आहे त्याला सांगावं लागत नाही. डाव्या भुवईच्या वर एक ठोका सुरू होतो, मग अर्धं डोकं, डोळा, जबडा सगळं त्या ठोक्याच्या ताब्यात जातं. उजेड नको होतो, फोडणीचा वास आला की पोटातलं वर येतं, आणि माझंच शिलाई मशीन मला वैऱ्याचं वाटू लागतं. उपाय करायचे काही बाकी ठेवले नव्हते. नाकात तूप सोडलं, सुंठ उगाळून लावली, डोक्याला फडकं इतकं आवळून बांधलं की कपाळावर वळ उठले. सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी खाण्याचा उपायही झाला. त्याने डोकं दुखायचं थांबलं नाही, पण माझेच ब्लाऊज मला उसवून सैल करावे लागले. सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे मेडिकलची गोळी. आधी महिन्यातून कधीतरी घ्यायचे, मग आठवड्यातून, मग पर्समध्ये रुमाल नसला तरी चालेल पण गोळी हवी, इथवर आले. डॉक्टरला दाखवावं असं हे दोन-तीनदा म्हणाले. डोकं दुखतं म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का, असं म्हणून मी ते उडवून लावलं.

गावाबाहेर दत्ताचं देऊळ आहे. तिथे धुनी सतत पेटती असते आणि तिचा अंगारा लोक पुड्या करून घरी नेतात. एका गुरुवारी मी आत्याबाईंबरोबर दर्शनाला गेले. कडक उपास, वर उन्हाळा. देवळाच्या आवारातच डोकं उठलं. गोळी घेतली ती उलटून पडली. दुसरी घेतली, तीही पडली. मला स्वतःचा आणि त्या गोळ्यांचा असा काही संताप आला की मी तशीच धुनीपुढे गेले आणि मोठ्याने बोलले, "आजपासून गोळी बंद. औषध बंद. आता तुझा अंगारा तेवढा घेईन. ठेवायचं तसं ठेव." आजूबाजूला बायका होत्या, आत्याबाई शेजारी होत्या. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला होता. आमच्या घरात धुनीपुढे बोललेला शब्द मागे घेत नाहीत. घ्यायचा झाला तर काय करतात हेही कोणाला ठाऊक नाही, कारण आजवर कोणी घेतलेला नाही.

अंगारा घेण्याची आत्याबाईंच्या माहेरची, धनजकडची एक रीत आहे. तो आपल्या हाताने घ्यायचा नाही, घरातल्या मोठ्या माणसाने द्यायचा. घेणाऱ्याने डोळे मिटून तळहात पुढे करायचा, तोंडात टाकायचा, वर घोटभर पाणी प्यायचं आणि काही विचारायचं नाही. नवसानंतरचा पहिला आठवडा फार वाईट गेला. मी भिंतीला डोकं घासत होते. दुकान सोडून हे घरी बसून राहिले. आत्याबाई सकाळी अंगारा द्यायच्या, तो नुसता राखेसारखा लागायचा, आणि दुखणं जिथल्या तिथे. मग एका सकाळी तो कडू लागला. जीभ आक्रसली. आणि अर्ध्या तासात, मी खोटं सांगत नाही, डोक्यातला ठोका मंदावत गेला आणि मी उठून मशीनवर बसले. मला रडू फुटलं. आत्याबाईंना म्हटलं, "आज अंगारा कडू लागला." त्या पाठमोऱ्या होत्या. म्हणाल्या, "धुनीत निंबाचं लाकूड असंन."

तिथून पुढे तो रोज कडूच लागला. देवाचं कडू तेच औषध, असं मी मनाशी धरलं. मी नुसती बरी झाले नाही, मी भाविक झाले. ब्लाऊज टाकायला आलेल्या बाईला माप घ्यायच्या आधी अंगाऱ्याची गोष्ट ऐकावी लागे. गल्लीतल्या बायका आत्याबाईंकडे तो कडू अंगारा मागायला येऊ लागल्या, तर त्या देईनात. "देवळातून आना ना माय, तोच हाय," म्हणायच्या. बायकांनी देवळातून आणला, तो त्यांना कडू लागला नाही. मी त्यांना समजावलं की श्रद्धा कमी पडली असेल. आत्याबाई रोज सकाळी खलबत्त्यात काहीतरी कुटत, आणि मला वाटे चहाची वेलची आहे. आमच्या चहाला वेलचीचा वास कधीच आला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणखी एक झालं होतं. गुरुवारी त्या माझ्याबरोबर देवळात यायच्या, पण पायरीपाशी थांबायच्या. "माहे गुडघे धरले, तू जाऊन ये," म्हणायच्या. वर्षभर त्या आत आल्या नाहीत.

हळूहळू सकाळचा अंगारा दुपारपर्यंत पुरेना. मग संध्याकाळीही सुरू झाला. पोटात जळजळ होऊ लागली. पहाटे जाग यायची ती डोकं दुखतच, आणि अंगारा पोटात गेला की उतरायचं. जवळजवळ रोज. मी त्याचाही अर्थ लावला, की देवाला रोज आठवण हवी आहे. आणि मग एके दिवशी अंगारा कडू लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसती राख. त्या दिवसांत जे डोकं उठलं तसं जन्मात उठलं नव्हतं. हात थरथरायचे, झोप उडाली, सुई ओवता येईना. दुखण्यापेक्षा मला भीती वाटली ती दुसरीच. देवाने हात काढून घेतला, असं मला वाटलं. मी काय चुकले ते शोधत बसले. कोणत्या गुरुवारी काय खाल्लं, कोणाला काय बोलले. डोक्यात गाठ तर नाही, हाही विचार यायचा, पण मी तो कोणाजवळ बोलले नाही.

अशातच अस्तराचं कापड आणायला बाजारात गेले. ऊन भाजत होतं. समोरून ओळखीची एक बाई हसत आली आणि तिचा अर्धा चेहरा मला दिसेना. एक डोळा दिसत होता, दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसतं चकाकणारं, करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी हलत होतं. दुकानांच्या पाट्यांची अर्धी अक्षरं गेली. मी डोळे चोळले, तरी तेच. अंगातलं बळ गेलं आणि मी जवळच्या दुकानाची पायरी धरून बसले. ती पायरी मेडिकलची होती. दुकानाचे मालक, पांढऱ्या दाढीचे एक चाचा, काउंटरवरून उठून आले. नवसानंतर मी त्या दुकानाची पायरी चढले नव्हते, त्यामुळे त्यांची माझी ओळख अशी राहिली नव्हती. त्यांनी मला आत स्टुलावर बसवलं, उन्हाचा डोळ्यांना त्रास होतो हे पाहून शटर अर्धं खाली ओढलं, पाणी दिलं.

"बेटी, हात वर होते का दोनी? बोलता येऊन राह्यलं ना बराबर?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना त्यांनी थांबूच दिलं. घरचा नंबर विचारून फोन लावला.

आत्याबाई धावत आल्या. एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्या पायात माझी. त्यांना पाहताच चाचांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अम्मा, ही तुमची सून हाय?" आत्याबाईंनी मान हलवली. "तुमचे गुडघे बिलकुल ठीक दिसून राह्यले," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "गोळी कोनासाठी होती, आता समजलं मले. अम्मा, इले मेंदूच्या डॉक्टरले दाखवा. आन् तिथं सारं खरं सांगा." तोवर माझ्या डोळ्यांपुढचं चकाकणं सरलं होतं आणि त्याच्या मागोमाग ठोका सुरू झाला होता. मला त्यांच्या बोलण्यातलं 'डॉक्टर' एवढंच नीट ऐकू आलं.

वाशीमला ठरलेल्या दिवशी अकोल्याहून मेंदूच्या डॉक्टरीणबाई येतात. नुसतं दाखवायला काय हरकत, गोळी घ्यायची नाही, अशी मी देवाशी मनातल्या मनात तडजोड केली. हे येणार होते, पण आत्याबाई हटूनच बसल्या. "मीच येतो तिच्यासंगं." डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिला. दुखणं कुठून सुरू होतं, किती टिकतं, उलटी होते का, उपाशी राहिलं की वाढतं का, घरात आणखी कोणाला आहे का. डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिला, सरळ रेषेत चालायला लावलं, रक्तदाब घेतला. मग विचारलं, "दुखणं थांबवायच्या गोळ्या किती घेता?"

मी ताठ बसून सांगितलं, "एकही नाही. वर्ष झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगताय ती लक्षणं तर रोज गोळी घेणाऱ्याची आहेत. आणि मागच्या आठवड्यापासून जे झालं, ते अशी गोळी एकदम बंद केल्यावर होतं." मी पुन्हा सांगितलं, नाही. जरा अभिमानानेच सांगितलं. अंगाऱ्याचं सांगू की नको, असा विचार करत होते. तेवढ्यात शेजारी आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचं एक रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं.

"मी देत होती," त्या म्हणाल्या. "अंगाऱ्यात. कुटून."

माझे कान बंद झाले. खोलीतला पंखा फिरताना दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आम्हा दोघींना समजावून सांगितलं. दुखणं थांबवायची गोळी कधीमधी घेतली तर ती औषध असते. आठवड्यातले बरेच दिवस, महिनोन् महिने घेतली की मेंदूला तिची सवय लागते, आणि तिचा अंमल उतरला की डोकं दुखूनच तिची मागणी करतं. म्हणजे जी गोळी दुखणं उतरवत होती तीच दुसऱ्या दिवशीचं दुखणं आणत होती. मूळची अर्धशिशी तशीच राहिली आणि तिच्यावर हे दुसरं दुखणं चढलं. "आणि आई," त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "उद्या हिच्या पोटातून रक्त गेलं असतं, तर आम्ही गोळ्यांचं विचारलं असतं आणि ही असंच छातीठोक 'नाही' म्हणाली असती." आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या दिवशी बाजारात मला जे अर्धं दिसलं, तेही अर्धशिशीचंच एक रूप असतं, पण पहिल्यांदाच झालं म्हणून त्यांनी स्कॅन करायला लावला. तो पुढे स्वच्छ आला. गाठ नव्हती.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो आणि मी खिडकीकडे तोंड केलं होतं. मला फार राग आला होता. वर्षभर मी गावाला जो चमत्कार सांगत फिरले, तो आमच्या खलबत्त्यात कुटला जात होता. म्हणजे देवाने ऐकलंच नव्हतं. भिंतीला डोकं घासत होते त्या आठवड्यातही नाही, आणि नंतरही नाही. मी न बघता विचारलं, "काहून नाही सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तं घेतली असती का तू?"

एक थांबा गेल्यावर त्या आपणहून बोलल्या. "तू भितीले डोकं घासे, मले पाह्यवलं नाही. नवस तू बोलली, मी नाही बोलली. तुले मालूमच नाही पोटात काय जाते, तं तुहा नवस कसा मोडंन? मोडला तं माह्या हातानं मोडला. म्हनून मी धुनीपुढं गेली नाही. कोन्या तोंडानं जाऊ?" मग म्हणाल्या, "चाचानं गोळी बंद केली, गुडघ्याले इतक्या गोळ्या नाही देत म्हने. दुसऱ्या दुकानात जात होती मी. पाय नाही उठला."

मी वळून पाहिलं. गुडघे कधी धरलेच नव्हते. ज्या बाईचा दत्तावाचून एक दिवस जात नाही, ती माझ्यापायी वर्षभर पायरीवर उभी राहिली होती. माझा नवस मोडू नये म्हणून तिने तो स्वतःच्या नावावर मोडला होता, आणि त्याची शिक्षाही स्वतःच ठरवून भोगली होती. मला राग येत होता, तो गेला नाही. तो असतानाच मी त्यांचा हात धरला. त्यांची बोटं खलबत्त्याने खरखरीत झाली होती.

पुढचे काही आठवडे सोपे नव्हते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की आधी वाढेल, मग उतरेल. दुखणं येऊच नये म्हणून रोजची एक वेगळी गोळी दिली होती, तिला गुण यायला वेळ लागतो हेही सांगितलं होतं. फार उठलं तरच घ्यायची गोळी वेगळी, आणि ती आठवड्यातून किती वेळा याला बंधन. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, पाणी भरपूर, उन्हात डोक्यावर ओढणी. आणि कडक उपास बंद. यावर मी कुरकुर केली, तर आत्याबाई म्हणाल्या, "गुरुवार मी धरतो तुह्या वाटचा. तू जेव." डोकं उठलेल्या दिवशी त्या माझ्या खोलीची खिडकी चादरीने झाकायच्या, कपाळावर ओला कपडा ठेवायच्या आणि त्या दिवशी घरात फोडणी द्यायच्या नाहीत. हे आठवडाभर बिनफोडणीचं वरण जेवले. एकदा एवढंच म्हणाले, "डोकं तुहं दुखते, जीभ माही मरून राह्यली." मी त्या दुखण्यातही हसले.

गोळीचा पहिला दिवस मला विशेष आठवतो. नवसाचं काय करायचं, हे मला सुटत नव्हतं. आत्याबाई गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सवयीने मी डोळे मिटून तळहात पुढे केला. तळहातावर काही पडलंच नाही. डोळे उघडले तर त्या गोळी धरून उभ्या. "आता डोये मिटू नको. पाहून घे," त्या म्हणाल्या. "देवाले सांग, पाहून घेतली म्हना."

हळूहळू उतरत गेलं. अर्धशिशी गेली असं मी म्हणणार नाही, ती जात नाही. पण आता ती कधीतरी येणारी पाहुणी आहे, घरमालकीण नाही. चाचांना सांगायला मी दुकानात गेले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अल्लाचं करम हाय, बेटी." ज्या पायरीवर मी पाऊल टाकणार नव्हते, नेमकी तीच माझ्या हाताला लागली होती. भोवळ दहा पावलं आधी आली असती तर मी बांगड्यांच्या दुकानात बसले असते. हा योगायोग म्हणायचा की काय, यावर मी वाद घालत नाही. कृपेने चांगल्या वाटेनेच यावं असा माझा हट्ट होता, तो मी सोडला. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात पुढे करणं, एवढंच आजवर मला ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी आम्ही दोघी देवळात गेलो. मी जेवून गेले होते. आत्याबाई पायरीपाशी आल्या आणि सवयीने थांबल्या. "माहे गुडघे..." म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी त्यांचा हात धरला. त्या चढल्या. धुनीपुढे गेल्यावर मी देवाला स्पष्ट सांगितलं की मी रोज गोळी घेते, डॉक्टरांना दाखवून, आणि पुढेही घेईन. धुनी जळतच राहिली. मग मी चिमूटभर अंगारा घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. रीतीने तो मोठ्याने द्यायचा असतो, पण त्या दिवशी मीच दिला. त्यांनी तळहात पुढे केला आणि डोळे गच्च मिटले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "पाहून घ्या."

त्यांनी डोळे उघडले. आधी अंगाऱ्याकडे पाहिलं, मग धुनीकडे, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिल्या. मग अंगारा जिभेवर ठेवला. वर्षभरात पहिल्यांदाच ठेवत होत्या.

"कडू नाही," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.